हलीमा घरी पोचली

पोलादपूर, २ फेब्रुवारी

प्रिय अनुपमाताई,

आधी ‘मॅडम’ लिहून खोडलंय, ते तुम्हाला दिसेलच. महाडच्या कॉलेजात तीन वर्षं मॅडम म्हटलं. आता तुम्ही नैरोबीला जाऊन ‘ताई म्हण’ म्हणता, तेव्हा हात अडखळतो. हे पत्र वहीत लिहिते आहे. उद्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला गेले की स्कॅन करून पाठवीन. फोनवर टाइप करता येतं, पण फोनवर मी सगळ्यांना ‘ठीक आहे’ एवढंच लिहिते.

तुम्ही विचारलंत, शेडमध्ये कसं चाललंय. हायवेच्या कडेला पत्र्याच्या बावीस खोल्या, त्यात आमची अख्खी शेवरवाडी. कशेडीचा घाट उतरून येणारे ट्रक ब्रेक दाबतात तेव्हा मांडणीवरची भांडी वाजतात. पक्की घरं व्हायची आहेत, जागा मोजून झाली आहे. दरड आली त्याला येत्या जुलैत तीन वर्षं होतील. वाडीतले अकरा जण गेले, नऊ सापडले. न सापडलेल्या दोघांतले एक माझे बाबा. तुम्हाला हे माहीत आहे. तरी लिहिलं, कारण पुढचं त्याच्याशिवाय सांगता येत नाही.

आमचं घर पडलं नाही. बाबा त्या सकाळी खालच्या आळीत काशीरामकाकांची गुरं सोडवायला गेले होते, आणि दरड खालच्या आळीवर आली. वरच्या अंगाचं आमचं घर जसंच्या तसं उभं आहे. फक्त माजघराच्या जमिनीला एक भेग आहे. तपासणीला आलेल्या साहेबांनी सांगितलं की हा सगळा उतार हळूहळू सरकतो आहे, इथं पावसाळ्यात माणूस राहता कामा नये.

आईला ते पटत नाही. “घर उबं हाय, खाचरं हायत, आन मी हितं पत्र्यात बसून रेशनचा तांदूळ निवडू?” असं म्हणते. गेले दोन पावसाळे ती कशीबशी खाली थांबली, एकदा तापामुळे आणि एकदा भरतदादाच्या लग्नामुळे. यंदा कुठलंच कारण नाही. तिनं शेजारच्या आवडीकाकूच्या माहेरून भाताचं बियाणं आणवलं आहे आणि माझ्यापासून लपवून कॉटखाली ठेवलं आहे. मी केर काढते तेव्हा तिकडं केरसुणी लागू देत नाही.

दादा मुंबईहून फोनवर म्हणतो, “तू ग्रॅज्युएट ना, तू समजाव.” घरातली पहिली पदवी माझी, म्हणून सगळ्यांना वाटतं की समजावणं हा मला एक विषय होता.

ताई, तुम्ही मागे लिहिलं होतं की तिथं आफ्रिकेतल्या अशा बायका आहेत, ज्यांचं घर सुटलं आणि ज्या स्वतः कॅमेरा घेऊन त्याचे सिनेमे करतात. ते वाचल्यापासून डोक्यात आहे. आई माझं ऐकणार नाही. पण दुसऱ्या एखाद्या आईचं ती ऐकेल. असा एखादा सिनेमा मला पाठवाल का? पाऊस यायला चार महिने आहेत.

तुमची,
सेजल


नैरोबी, १६ फेब्रुवारी

प्रिय सेजल,

तुझं अक्षर लगेच ओळखलं. परीक्षेत पुरवणी मागून मागून लिहायचीस, तेच अक्षर.

आमची जागा म्हणजे एका बेकरीच्या वरचा मजला. पाच जणी आणि चांगला कॉम्प्युटर एकच. त्यावर संकलनासाठी प्रत्येकीला चार-चार तासांची पाळी. भिंतीवर वेळापत्रक लावलंय आणि त्यावरून रोज भांडणं होतात. दोघी सुदानच्या आहेत, एक एरिट्रियाची, एक कांगोची, आणि पाचवी मी, जी सगळ्यांची टिपणं टाइप करते आणि चहा करते. ह्या चौघींना आपापल्या गावी परत जाता येत नाही. म्हणून सिनेमात गाव दाखवायचं तर त्या इथंच आसपास फिरून आपल्यासारखी टेकडी, आपल्यासारखी भिंत शोधतात. कांगोची ती नदीसाठी महिनाभर हिंडली. शेवटी म्हणाली, “पाणी चालेल, पण काठ आमचा नाही.” तिनं मग फक्त पाणी घेतलं.

तुझ्यासाठी इख्लासचा सिनेमा पाठवते. इख्लास सुदानची. लढाई सुरू झाल्यावर ती आपल्या मावशीबरोबर सीमेवरच्या छावणीत अकरा महिने राहिली. मावशीचं नाव हलीमा. सिनेमा सगळा त्या छावणीतल्या बायकांचाच आहे. पावसाचे ढग दिसले तशी हलीमा म्हणायला लागली, माझी ज्वारी पेरायची राहिली आहे. एका सकाळी तिनं गाठोडं बांधलं आणि परत निघाली. इख्लासनं तिला पाठमोरी जाताना घेतलंय, नऊ मिनिटं, मध्ये कुठं न तोडता. मग पडदा काळा होतो आणि अरबी-इंग्रजीत तीन ओळी येतात: ‘हलीमा घरी पोचली नाही. चौथ्या दिवशी ती रस्त्यात सापडली. पेरणी झाली नाही.’

तुझ्या आईनं तो शेवट बघायलाच हवा. आपण तोंडानं कितीही सांगितलं तरी वाऱ्यावर जातं. तो शेवट बघून आजवर कुणी तसंच उठून गेलेलं नाही.

खाली इंग्रजी ओळी येतात. त्या तू मोठ्यानं मराठीत सांगत जा. माझ्या बाबांना सांगितलं आहे, ते महाडहून प्रोजेक्टर घेऊन येतील. आणि त्यांना फोनवर बायकांचं चित्रण करू दे. इख्लासला फार बघायचं आहे.

तुझी,
अनुपमाताई


पोलादपूर, १४ एप्रिल

प्रिय अनुपमाताई,

सिनेमा झाला. परवा दिवेलागणीला आमच्या शेडच्या मागच्या भिंतीवर चादर ताणून लावली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तुमचे बाबा, आमचे शरच्चंद्र सर, बरोबर साडेसहाला रिक्षातून प्रोजेक्टर मांडीवर घेऊन आले. रिक्षावाल्याला म्हणाले, “खड्ड्यात घातलीस तर प्रोजेक्टर तुझ्या नावावर.” एकवीस बाया आल्या. पुरुष बाहेर उभे राहून ‘आम्ही काय बघत नाय’ असं दाखवत बघत होते.

आधी मला वाटलं, कुणाला काही कळणार नाही. पण पहिल्याच दृश्यात ताडपत्री दिसली आणि आवडीकाकू ओरडली, “आगो, ही तर आपलीच निळी ताडपत्री!” मग सगळ्यांची जीभ सुटली. “काय उंच हायत गो बाया, आपल्या पत्र्याला डोकी लागतील.” “चा बघ, बिनदुधाचा. त्यांच्या हितं पन डेरीवाला येत नाय वाटतं.” पाण्याच्या टाकीपाशी दोघी भांडतात तिथं आवडीकाकू म्हणाली, “ही मी, आन ती ठमाबाय.” ठमाबाय म्हणजे माझी आई. आई तिला चापट मारून हसली. ताई, आईला हसताना मी कधी बघितलं होतं, ते मला आठवेना.

मी प्रत्येक ओळ सांगत होते. पहिल्यांदा पुस्तकी मराठीत सांगितली, तर मागून कुणी म्हणालं, “बातम्या नको देऊ, नीट सांग.” मग आमच्या बोलीत सांगायला लागले. एका ठिकाणी हलीमा म्हणते, ‘मी दाराला कुलूप लावून आले नाही.’ ते मी सांगितलं. मग आई सगळ्यांच्या वतीनं म्हणाली, “आमी पन नाय.”

हलीमा गाठोडं घेऊन निघाली तेव्हा आईनं विचारलं, “पेरणीला चाललीय ना ही?” मी म्हटलं, हो. ती नऊ मिनिटं जागची न हलता बघितली सगळ्यांनी.

शेवटी बाया बराच वेळ बोलत बसल्या होत्या. सरांनी केलेलं चित्रण सोबत पाठवते आहे. इख्लासबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, शेवरवाडीच्या एकवीस बाया हलीमाला आता ओळखतात.

तुमची,
सेजल


नैरोबी, २७ एप्रिल

सेजल,

इख्लासनं तुमचं चित्रण दोनदा बघितलं. कुलपाच्या जागी ती रडली. मग शेवट आला. पडदा काळा झाला, ओळी आल्या, आणि तुमच्या बाया हसल्या. टाळ्या वाजल्या. एकीनं तर पडद्याकडे हात करून बोटं मोडली, दृष्ट काढतात तशी. इख्लास मला विचारत होती, “ह्या हसल्या का?” मी म्हटलं, आमच्याकडे खेळ संपला की हसतात. तिनं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं.

नंतर मी एकटीनं आवाज वाढवून ऐकलं. आवडीकाकू विचारतात, “काय लिवलाय गो?” आणि मग तुझा आवाज येतो, अगदी स्वच्छ: “हलीमा घरी पोचली. तिनं पेरणी केली.”

पहिल्यांदा वाटलं, तू चुकून वाचलंस. पण ‘पोचली नाही’ हे चुकून ‘पोचली’ वाचता येईल, ‘पेरणी केली’ कुठून आली?

बाबांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, चष्मा आणला नव्हता. चष्मा त्यांच्या नाकावर आहे, ते चित्रणातल्या सावलीत दिसतंय.

मी तुला रागावत नाही असं लिहिणार होते, पण रागावले आहे. आपण तो सिनेमा कशासाठी मागवला होता? तुझ्या आईनं परत जाऊ नये म्हणून. तू तिला काय सांगितलंस?

अनुपमा


पोलादपूर, ११ मे

प्रिय अनुपमाताई,

तुमचं पत्र दुकानात वाचलं आणि दोन दिवस तुमच्यासमोर उभी राहिल्यासारखी वावरले.

मी ठरवून केलं नाही. ओळी मी आधी दहादा वाचल्या होत्या, पाठ होत्या. ‘हलीमा घरी’ इथपर्यंत बोलले आणि आईनं माझा हात धरला. तिनं असा हात या आधी एकदाच धरला होता. दरडीच्या जागी शोध चालू होता, त्याच्या शेवटच्या दिवशी. साहेब म्हणाले, ‘शोधकार्य थांबवण्यात येत आहे.’ तिला ते शब्द कळले नाहीत. माझा हात धरून म्हणाली, “काय म्हनतात गो?” तेव्हा मीच तिला सांगितलं. ताई, त्याच हाताला मी पुन्हा एकदा सांगू शकले नाही. ‘पोचली’ बोलून गेले. मग सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या, अजून काहीतरी हवं होतं त्यांना. म्हणून पेरणी पण करून टाकली.

मला वाटलं होतं, एका संध्याकाळचा आनंद, तेवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये हलीमाच. नळावर कुणी रडकुंडीला आली की दुसरी म्हणते, “ती बाय लढाईतनं पोचली, तुला टाकीचं पानी जड झालं व्हय?” मला आधी अभिमानच वाटला. खोटं का होईना, बायांना उभं केलं असं वाटलं.

मग एकोणतीस एप्रिलला आई सकाळी कोयता घेऊन वर गेली. अडीच तासांची चढण. संध्याकाळी आली ती हातपाय काळे करून. पाला आणि फाटी पसरून तिनं राब भाजला होता. राब म्हणजे भाताची रोपं करायची जागा भाजून तयार ठेवतात ते. राब भाजला म्हणजे जूनला पेरणार, आणि जुलैला लावणी करणार. मी म्हटलं, “आये, साहेबांनी काय सांगितलंय?” ती म्हणाली, “त्या हलीमाला पन कुनी सांगितलंच आसंल.”

आता तुम्ही सांगा, मी काय करू?

सेजल


नैरोबी, २५ मे

प्रिय सेजल,

मी इख्लासला सगळं सांगितलं. माझं ‘खेळ संपला की हसतात’ हे खोटं होतं, तेही सांगितलं.

  कॉम्प्युटरवर दुसरीची पाळी चालू होती, तिला उठवून इख्लासनं एक जुनी फाइल उघडली. हाच सिनेमा, पहिलं संकलन. शेवटी काळा पडदा आणि एकच ओळ: ‘हलीमा घरी पोचली.’ ती म्हणाली, दीड महिना मी तेच ठेवलं होतं, खरं लिहायला हात उठत नव्हता. छावणीतल्या बायकांना तिनं तेच दाखवलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक म्हातारी गाठोडं घेऊन निघाली. पुलावरच्या शिपायांनी अडवून ठेवली म्हणून वाचली. त्या रात्री इख्लासनं ओळ बदलली.

तिनं तुला निरोप दिलाय, तो तसाच लिहिते. “मी रागावलेली नाही. मला तुझा हात माहीत आहे. पण माझ्याकडे पूल होता आणि पुलावर शिपाई होते. तुझ्याकडे कोण आहे? आजच सांग.”

सेजल, आज म्हणजे खरंच आजच. बाबा म्हणतात, महाडला वळवाच्या सरी सुरू झाल्या.

अनुपमाताई


पोलादपूर, २१ जून

प्रिय ताई,

मी सांगितलं नाही.

तीनदा सांगायला गेले. एकदा ती भाकरी थापत होती, तेव्हा वाटलं, जेवण होऊ दे. एकदा आवडीकाकू येऊन बसली. तिसऱ्यांदा कुणी नव्हतं. मी म्हटलं, “आये, त्या सिनेमाचं...” तिनं इतक्या आशेनं वर बघितलं, की मी म्हटलं, पुन्हा लावू या का कधी.

तुम्हाला वाटेल, मी भित्री आहे. असेनही. पण आईला अक्षर येत नाही. तीन वर्षं घराचे, मदतीचे, बाबांच्या दाखल्याचे सगळे कागद मीच तिला वाचून दाखवले. बाबा बेपत्ता की मृत, काय लिहायचं, ते मी वाचून दाखवलं आणि तिनं माझ्या शब्दावर अंगठा उमटवला. मी एकदा खोटं वाचलं हे तिला कळलं, तर मग मी वाचलेलं काय काय खरं होतं, हे ती कुणाला विचारेल?

नऊ जूनला ती गेली. बियाणं, मीठ, काड्यापेट्या, दोन गोधड्या. मी दुकानात होते. शेजारी सांगून गेली, “पोरीला म्हनावं, पेरून येते.” पेरलं, आणि आली नाही. वर रेंज नाही. दर चार दिवसांनी काशीरामकाका गुरांचा माग काढायला जातात, ते निरोप आणतात. मागच्या आठवड्यात तहसील कार्यालयातले दोघं आणि पोलीस तिला आणायला चढून गेले होते. काका सांगत होते, “तुझी आय करवंदीच्या जाळीत दडून बसली, सशावानी. हे लोक हाका मारून मारून परत फिरले. मग भायेर आली आन मला म्हनते, चा घेतोस काय.” सगळे हसले. मी पण हसले. घरात येऊन दार लावून घेतलं.

आवडीकाकू विचारत होती, “आमी पन जाऊ काय गो? चार जनी असलो तर बरं.” तिला मी सगळं खरं सांगितलं. तिला सांगता आलं, ताई. ती म्हणाली, “आन ठमाबायला हे ठाव नाय?” तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

दादाला फोन केला. तो म्हणतो, सुट्टी मागतो. कंपनीत माणसं कमी आहेत.

पाऊस लागून राहिला आहे.

सेजल


नैरोबी, ६ जुलै

सेजल,

तीन दिवस तुझा फोन लागत नाही. बाबांकडून कळतं ते असं: वरंधच्या घाटात माती आली म्हणून तिकडची वाहतूक बंद आहे, दासगावाशी सावित्रीचं पाणी काठाला लागलं आहे, आणि पोलादपुरात वीज येऊन जाऊन आहे. मी इथं कोरड्या उन्हात बसून आभाळ बघते.

मला एक कबूल करायचं आहे. फेब्रुवारीत मी तुला लिहिलं, तुझ्या आईनं तो शेवट बघायलाच हवा. किती सहज लिहिलं! जणू दुसऱ्या कुणाची मावशी मेली ती तुझ्या आईला उपयोगी पडेल म्हणून मी पार्सल करत होते. इख्लासला मी विचारलंही नव्हतं, की तुझ्या हलीमाला असं कुणाला भीती घालायला वापरू का. आणि तुला, तुझ्या माणसाबद्दल तोंडानं सांगून झालेलं असताना, पुन्हा तेच तोंडानं सांगायला बसवलं. चूक तुझी एकटीची नाही. हे मी समजूत घालायला लिहीत नाही.

आता ऐक. वर जा. दिवसाउजेडी जा, काशीरामकाकांना घेऊन जा. आईला खरं सांग. ती बोलली तर ऐकून घे, मारलं तर मार खा. आणि तिला घेऊन उतर. नाहीच आली, तर तू उतर. सेजल, तू तिथं राहायचं नाहीस. मी तुझ्याकडे हे मागते आहे. मला उलट एक ओळ पाठव, ‘उतरले’ एवढीच. ती फोनवर टाइप केलीस तरी चालेल.

अनुपमाताई


शेवरवाडी, १८ जुलै

प्रिय अनुपमाताई,

हे पत्र माझ्या घरून लिहिते आहे. वरच्या कोपऱ्यात पत्ता लिहिताना तीन वर्षांनी हे नाव लिहिलं.

काशीरामकाकांबरोबर आज पहाटे निघाले. वाट दोन ठिकाणी वाहून गेली आहे, तिथं झाडांची मुळं धरून चढलो. वर पोचले तेव्हा आई मधल्या खाचरात वाकलेली होती, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. तिनं मला बघितलं आणि आधी काकांवर ओरडली, “हिला कशाला आणलीस रे मेल्या, पाय बघ पोरीचं!” माझ्या पायांना जळवा लागल्या होत्या.

मी बांधावर उभी राहूनच सांगितलं. खाली बसले असते तर पुन्हा राहिलं असतं.

“आये, ती हलीमा घरी पोचली नाय. ती वाटेत मेली. पेरणी पन नाय झाली. पडद्यावर तसंच लिहिलं होतं. मी खोटं सांगितलं.”

ती रोपांची मूठ सोडवत होती. म्हणाली, “ठाव हाय.”

“कसं ठाव? कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे? पोचली असती तर त्या भाचीनं तिला घरात बसलेली दाखवली नसती? दारात उबी केली असती, चुलीशी बसवली असती. येवढा वेळ तिची पाठच दाखवत बसली. पाठ कवा दाखवतात मानसाची?”

ताई, मला पदवी आहे. तुमच्याकडे तर त्याहून मोठी पदवी आहे. हे आपल्या दोघींना कळलं नाही की तिला अक्षराची गरजच नव्हती. ती नऊ मिनिटं तिनं नुसती बघितली नव्हती, वाचली होती.

मी विचारलं, “मग तू आलीस कशाला?”

तिनं रोपं चिखलात खोचली, एक, दुसरं, तिसरं. मग म्हणाली, “तू हासून सांगितलंस. ‘पेरणी केली’ म्हनालीस. माला वाटलं, पोरीला खरं ठाव हाय तरी ती म्हनते, आयनं पोचावं. तू शिकलेली. तुजं मन असंल तर बरंच असंल, म्हटलं. तेवड्यावर आले गो बाय.”

मी तिथंच चिखलात बसले. मला अडवायची होती, ताई. मीच तिला धाडली.

काका बांधावरून ओरडत होते, “आरे, काय गप्पा मारताय, दुपारच्या आत उतरायला हवं!” मी आईला म्हटलं, चल. पाया पडले. बाबांची शपथ घातली. ती म्हणाली, “लावणी अर्धी टाकून मी कवा उठलेय? रोपं पिवळी पडतील. झाली की येते खाली. शपथ घालू नको, येते म्हटलं ना.”

“किती दिवस?”

“एकलीला आठ. तुज्यासंगती चार.”

घरात गेले. माजघरातल्या भेगेत आईनं माती भरून वर शेण सारवलं होतं, ते सारवण फाटून भेग चुलीपर्यंत गेली आहे. बोटं घालून बघितली. चार बोटं सहज जातात. काका म्हणतात महिन्यापूर्वी दोन जात होती. मागच्या अंगाला जिथं कधी झरा नव्हता तिथं गढूळ पाणी निघतंय. ते कशाचं लक्षण असतं, साहेबांनी तेव्हा आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. मला चांगलं आठवतं. आईलाही आठवतं.

मी खूप विचार केला असं तुम्हाला लिहायला आवडलं असतं. तेवढा वेळ नव्हता. मी गेले आणि ती राहिली, तर या डोंगराखाली आठ दिवस. मी राहिले तर चार. तिला उचलून नेता येत नाही, काकांनी आणि मी तेही करून बघितलं. तिनं काकांच्या हाताला दात लावले. मग हसली. म्हणाली, “धोंडा हाय काय मी, उचलायला?” काकांनी कपाळावर हात मारून घेतला. “दोगी येड्या! खाली जाऊन मी काय सांगू?” आई म्हणाली, “सांग, सोमवारी उतरतात.”

काका आता निघतायत. हे पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्याकडे देते. दुकानात दिलं की ते तुम्हाला मिळेल. दादाला फोन करायला सांगितलाय. शरच्चंद्र सरांनाही. ज्याला ज्याला वर माणसं पाठवता येतील त्याला कळवा. आई जाळीत लपणार नाही याची मी काळजी घेईन.

इख्लासबाईंना सांगा की मी खरं सांगितलं. उशिरा सांगितलं, पण सांगितलं. आणि त्यांना हेही सांगा की त्यांच्या मावशीची पाठ इथं एका बाईला कळली होती.

तुम्ही ‘उतरले’ एवढी एक ओळ मागितली होती. ती मी आज लिहीत नाही. आई म्हणते, सोमवारी. ती म्हणाली तेवढंच लिहिलंय, माझ्या पदरचं काही घातलं नाही.

पाऊस जरा ओसरला आहे. आई हाका मारते आहे. अजून उजेड आहे तोवर मधलं खाचर संपवलं, तर चाराचे साडेतीन दिवस होतील.

सेजल